बांधासमोरची कांदळं

"मी ह्या लिवचंय नाय, मम्मी," ॲश्लिन तिसऱ्यांदा म्हणाली आणि तिनं मोबाइल मिठाच्या बरणीशेजारी पालथा घातला.

सेवरीना आडाळीवर बसून खोबरं खवत होती. तिचा हात थांबला नाही, उलट खवण्याला जोर आला. सून घरात येऊन दोन वर्षं झाली होती. या दोन वर्षांत सासूनं सांगितलेलं काम तिनं कधी लांबवलं असेल, कधी विसरल्यासारखं केलं असेल. तोंडावर नाही म्हणायची ही पहिलीच वेळ. भांडण सकाळी पेजेवर सुरू झालं होतं. मध्ये सेवरीनाचा मुलगा रॉयडन वरच्या भाड्याच्या खोलीतल्या पाहुण्यांना नाश्ता द्यायला गेला तेव्हा जरा निवलं, आणि आता साडेदहाला फोडणीच्या वासाबरोबर पुन्हा वर आलं होतं.

कारण चार ओळींचं होतं. दोन दिवसांनी, सव्वीस जुलैला, कांदळवन दिन. मालवणात एका संस्थेनं कार्यक्रम ठेवला होता आणि त्यात खाजणवाडीच्या महिला गटाचा, म्हणजे खरं तर गटाच्या अध्यक्षा सेवरीना आल्मेडा यांचा सत्कार होता. संस्थेला आज संध्याकाळपर्यंत माहिती हवी होती: खाडीत कांदळाची, म्हणजे खारफुटीची, किती रोपं लावली, किती जगली, गावाला काय फायदा झाला. सेवरीना तोंडी सांगत होती आणि ॲश्लिन मोबाइलवर टाइप करत होती. 'जगण्याचं प्रमाण अठ्ठ्याहत्तर टक्के' इथे येऊन सुनेचं बोट अडलं होतं.

"काल ओहोटीक मी कुंपणात जावन इलंय," ॲश्लिन म्हणाली. "शंभरातली धाच जिती आसत, बाकी मेली. नुसते दांडे ते. हात लावलो की हातात येतत."

"तू काल इलंस हयसर. तुझ्या नांदगावाक खाडी तरी आसा काय? रेल्वेच्या रुळात कांदळ बघलेलंस?"

ॲश्लिनचे वडील नांदगाव स्टेशनात नोकरीला होते. दारात उभा असलेला रॉयडन फिसकन हसला आणि बायकोचा चेहरा बघून सावरला. मग त्यानं तिला समजुतीच्या सुरात सांगितलं की मम्मी म्हणते ते लिहून टाक, सगळ्यांचेच आकडे असे असतात, आणि आता तो आकडा खाडीतल्या कुंपणावर लावलेल्या फलकावरही आहे. फलक त्याच्या जिव्हाळ्याचा होता. ऑक्टोबरात पर्यटक सुरू झाले की तो त्यांना होडीतून कुंपणापाशी नेई, फलकाजवळ त्यांचे फोटो काढी आणि 'माझ्या आईनं उभं केलेलं जंगल' म्हणून सांगे. लांबून, भरतीच्या पाण्यात, ते दांडे खरंच रोपांसारखे दिसत.

सेवरीनाचा नवरा कॉन्स्टान्सियो खिडकीशी बसून लसूण सोलत होता. पंचवीस वर्षं बोटीवर खानसामा होता तो. इंजिनाच्या आवाजानं एक कान गेला होता आणि घरातल्या भांडणात तो नेमका त्याच कानाच्या बाजूनं बसे. पण आज त्याला ऐकू येत होतं.

"बोटीर आमी पण इन्स्पेक्शनाच्या दिवशीच भांडी घासू," तो लसणीकडे बघतच म्हणाला. "पण भांडी तरी आमची होती."

त्याला काहीच माहीत नव्हतं. बायकोला टोमणा मारायची सवय होती, त्या सवयीनं तो बोलून गेला. पण सेवरीनाच्या हातातली करवंटी आडाळीच्या दात्यांवरून घसरली आणि अंगठ्याला लागलं. तिनं अंगठा तोंडात धरला, उठली, पदरानं हात पुसला आणि म्हणाली की फोटोला गटातल्या सगळ्या बायका लागतात, काशीबाईला अजून कोणी सांगितलेलं नाही, ती सांगून येते. तोवर ज्याला जे लिहायचं ते लिहा. खुंटीवरची छत्री घेऊन ती बाहेर पडली.

गावात तिला नावानं कोणी हाक मारत नसे. ती बाई. एकतीस वर्षं वाडीच्या शाळेत शिकवलेलं. वाडीतल्या अर्ध्या लोकांची बाराखडी तिनं घोटून घेतलेली. त्यांत रोमन कॅथलिक होते, शेतकरी होते, खाडीवर पोट असलेले होते. तिची हजेरी कधी चुकली नाही आणि तिच्या वहीत खाडाखोड कोणी पाहिली नाही. चुकीची तिला चीड होती, आणि नकलेची तर शिसारी. काशीबाईची मुलगी प्राजक्ता चौथीत असताना शेजारणीच्या वहीतली गणितं बघून लिहिताना सापडली, तेव्हा बाईंनी तिला मारलं नाही. 'मी नक्कल केली' एवढंच शंभर वेळा लिहायला लावलं आणि वर्गासमोर उभं करून शेवटची ओळ वाचायला लावली. पोरगी कित्येक दिवस शाळेत मान वर करत नव्हती. काशीबाई मात्र त्या आठवड्यात टोपलीभर तिसरे घेऊन आली होती, पोरीला वळण लावल्याबद्दल.

तिसरे म्हणजे चिखलातले शिंपले. वाडीसमोर ओहोटीला खाडीचा मोठा सपाट चिखल उघडा पडतो, तिथे काशीबाई आणि आणखी सात-आठ बायका पिढ्यान्‌पिढ्या तिसरे काढत आलेल्या.

चार वर्षांपूर्वी संस्थेचा ओंकार नावाचा मुलगा कांदळ लावायची योजना घेऊन आला, तेव्हा त्यानं दोन जागा दाखवल्या होत्या. एक वाडीच्या टोकाला, काशीबाई आणि तिचा नवरा बाबली यांच्या भातशेताच्या मातीच्या बांधासमोर. तिथे जुनी कांदळं होती. बाबलीच्या बापसानं त्यांना कोयती लावू दिली नव्हती. पण मध्येच पन्नास-साठ पावलांची खिंड होती. तौक्ते वादळात तिथली झाडं उन्मळून गेली होती आणि तेवढा बांध पाण्यासमोर उघडा पडला होता. ती जागा अडचणीची. मारांडीच्या काटेरी झुडपांतून वाट काढायची, गुडघाभर गाळ, आणि रस्त्यावरून काही दिसायचं नाही. दुसरी जागा म्हणजे समोरचा मोकळा चिखल. उतरायला सोपा, दोऱ्या धरून सरळ ओळी लावता येतील असा, आणि रस्त्यावरून पहिल्यांदा डोळ्यांत भरणारा. बाईंना सरळ ओळींचं वेड. त्यांनी चिखल निवडला.

देवळाच्या ओसरीवर बैठक झाली, तेव्हा काशीबाई उठून म्हणाली होती की तिकडे कांदळाची जागा नाही. पाणी फार वेळ राहतं, लाट थेट आपटते; आणि ती तिसऱ्यांची जागा. कांदळाला कुठे यायचं ते कांदळ बरोबर ओळखतं. खिंडीत आधीच्या पावसात पडलेल्या शेंगा आपोआप रुजल्यात, तिथेच लावा. सगळं बोलणं एका दमात, मधेच उठून, अध्यक्षांना न विचारता. बाईंना ते आवडलं नाही.

"काशी, बोलायचं असेल तर हात वर करायचा," बाई शाळेतल्यासारख्या म्हणाल्या.

बायका हसल्या. आणि काशीबाईनं, साठीच्या बाईनं, खरंच हात वर केला. बाईंनी तिच्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं आणि पुढचा विषय घेतला. तेव्हापासून काशीबाई गटात काही बोलायच्या आधी हसत-हसत अर्धा हात वर करी, "बोलू काय, बाईनू?" म्हणे, आणि सगळ्या हसत. सेवरीनाला वाटे, गंमतच आहे.

पहिल्या पावसात हजार रोपं ओळीत उभी राहिली. गुरं आणि माणसं येऊ नयेत म्हणून भोवती जाळीचं कुंपण घातलं, तिसरे काढायला बंदी केली. दिवाळीपर्यंत रोपांच्या खोडांना पांढरी टोकदार कवचं चिकटली, शेवाळ गुंडाळलं, आणि त्या वजनानं ती एकेक करून आडवी झाली. जाळीत गाळ अडकून साचला, तो खालच्या तिसऱ्यांवर बसला आणि तेही गुदमरले. हे सगळं दिसत होतं. पण फेब्रुवारीत संस्थेची पाहणी होती. मग बाईंनी बायकांना नांगे भरायला लावले.

शेतात लावणीनंतर मेलेल्या रोपाच्या जागी दुसरं लावतात, त्याला नांगे भरणं म्हणतात. चांगला, कष्टाचा शब्द. तो शब्द असल्यामुळे कोणालाच काही वाटलं नाही. पण भातात रोप लागतं. इथे कांदळाच्या हातभर लांब शेंगा नुसत्या चिखलात खुपसल्या जात. पाहणीचे लोक होडीतून येत, मोजत आणि जात. पुढच्या उधाणाला अर्ध्या शेंगा वाहून जात. त्या शेंगा बायका दर पावसाळ्यात काशीबाईच्या बांधासमोरच्या जुन्या झाडांवरून आकडीनं ओढून आणत आणि ओल्या गोणपाटाखाली पाहणीपर्यंत जपून ठेवत. सगळ्याच्या सगळ्या. "थोडे झाडाखाली पडांदेत, बाईनू," काशीबाई एकदा म्हणाली होती. अर्धा हात वर करून.

आणि मग दुसरी पाहणी. ओंकारनं फोनवर सांगितलं की साहेबांना या खेपेला पानं फुटलेली रोपं बघायची आहेत, पुढच्या ओळी तरी हिरव्या दिसू देत. इथवर आठवणीत आली की सेवरीनाचं मन दरवेळी रस्ता बदलून दुसरीकडे जाई. आज तिचे पाय त्याच जागेच्या दिशेनं चालत होते, त्यामुळे बदलायला रस्ता नव्हता. वाटेवरच्या पांढऱ्या खुरसापाशी ती नेहमी थांबून छातीवर क्रूस काढी. आज ती तशीच पुढे गेली.

गुरुपौर्णिमेच्या उधाणात काशीबाईचा बांध फुटल्याला पंधरा दिवस झाले होते. वाडीतली सगळी माणसं बघून आली. सेवरीना गेली नव्हती. गुडघे दुखतात, असं तिनं चौघांना सांगितलं होतं.

आज अमावस्या होती, भरती बाराच्या सुमाराची. बांधावर काशीबाई आणि बाबली दोघंच होती. फुटलेल्या जागी जांभा दगड, वाळूच्या पिशव्या आणि नारळाची झापं रचून मातीनं लिंपलेलं होतं, आणि पाणी त्याच्या गळ्याशी आलं होतं. बाबली खाली वाकून गळती शोधत होता, काशीबाई मातीचे गोळे करून त्याच्या हातात देत होती. मागे शेत. आठ दिवसांच्या लावणीवर खारं पाणी चढून गेलेलं, तांबूस पिवळं. वरच्या कुणग्यात, शेताच्या उंच तुकड्यात, भातरोपांचा हिरवा तरवा तेवढा राखलेला. काशीबाईनं सांगितलं की आजचं आणि उद्याचं उधाण बांधानं झेललं तर पावसानं खार धुऊन जाईल, उरलेला तरवा लावता येईल, खाण्यापुरतं पिकेल. नाही झेललं तर तीन वर्षं तिथे गवतही उगवायचं नाही. सांगताना तिचे हात चालूच होते.

सेवरीना छत्री धरून उभी होती. उभं राहून करायचं काय, म्हणून ती पाण्याकडे बघायला लागली.

उजव्या हाताला जुनी कांदळं होती. कोळ्याच्या पायांसारखी त्यांची मुळं पाण्यात उतरलेली, एकमेकांत अडकलेली. समुद्राकडून येणारं पाणी त्या मुळांत शिरत होतं आणि तिथेच त्याचा राग जात होता. बांधापाशी पोचेपर्यंत ते घरातल्या हंड्यातल्या पाण्यासारखं नुसतं हलत होतं. तिथल्या बांधाच्या मातीवर साधा ओरखडा नव्हता. मुळांना कालवं धरलेली. मुळांमधल्या उथळ पाण्यात बोटाच्या पेराएवढी शेवटा माशाची पिलं थव्यानं वळत होती, आणि एक कुर्ली मुळावर चढून बसली होती. डाव्या हाताला खिंड. तिथे मधे काही नव्हतं. तेच पाणी, त्याच खाडीचं, पण ते सरळ येऊन बांधावर बुक्की मारल्यासारखं आदळत होतं, आणि दर बुक्कीला बांधाची थोडी माती घेऊन मागे जात होतं.

तिच्या सत्काराच्या भाषणात हेच सगळं होतं. कांदळवन म्हणजे किनाऱ्याची भिंत. कांदळवन म्हणजे माशांचा पाळणा. खाऱ्या पाण्याला शेतापासून दूर ठेवणारा राखणदार. तिनं ते ओंकारनं दिलेल्या पुस्तिकेतून सुंदर अक्षरात उतरवून घेतलं होतं आणि पाठही केलं होतं. एक शब्द खोटा नव्हता. खोटी फक्त ती होती.

"बाईनू, तो दगड देशात?" बाबली म्हणाला.

तिनं छत्री मिटली आणि दगड दिला. मग दुसरा दिला. पुढचा पाऊण तास ती दगड देत राहिली. बारा वाजून गेल्यावर पाणी थबकलं आणि मग, अंगठ्याच्या पेराएवढं, खाली गेल्याची ओली रेघ दगडावर दिसली. आजच्यापुरता बांध राहिला होता. बाबली बांधावरच फतकल मारून बसला. काशीबाईनं हात धुतले आणि सवयीनं अर्धा हात वर केला.

"बोलू काय, बाईनू?"

या खेपेला तिथे हसायला बायका नव्हत्या. सेवरीनानं पहिल्यांदा तो हात नीट बघितला. चिखलानं सुरकुतलेला, शिंपल्यांनी कापलेला. इतकी वर्षं तो हात काय सांगत होता ते तिला आता कळलं, आणि तिनं मान खाली घातली. काशीबाईला वाटलं, बाई दमल्या.

काशीबाई सांगायला लागली ते तक्रार म्हणून नाही. झालेल्या गोष्टीचा शेवट कोणाला तरी सांगावा तसं. खिंडीत आपोआप रुजलेली कांदळं होती ना, बाईंना आठवत असतील. दीड-दोनशे होती. चार-चार पानांवर आली होती. तिनं बाबलीला म्हटलं होतं, आणखी दोन पावसाळे गेले की ही बांध धरतील, मग आपल्याला दर वर्षी माती टाकायला नको. प्राजक्ताच्या बाळंतपणासाठी ती महिनाभर विजयदुर्गाला गेली. बाबली दिवसभर गवंडीकामाला. म्हैस मोकळी. परत येऊन बघते तर खिंड साफ.

"म्हशीन सगळी उपटून खाल्ल्यान," काशीबाई म्हणाली. "चिखलात तिचे पाय उमटलेले. मी ह्येका म्हटलंय, तुका एक म्हस बांधून ठेवूक जमली नाय."

"म्हशीन खाल्ल्यान कांदळ," बाबली म्हणाला, "आणि शेण माझ्या डोक्यार. दोन वर्षां झाली, अजून पडताच आसा."

तो हसला, आणि काशीबाईही थोडी हसली. मग ती म्हणाली की त्याच रागात म्हैस विकली. आंबोलीकडचा एक माणूस घेऊन गेला. दूध देत होती, पण घरात नुसती बघितली तरी भांडण होई. बांध फुटला त्या रात्री बाबली जेवला नाही. एवढंच बोलला की माझ्यामुळे झालं.

सेवरीनाला वाटत आलं होतं की म्हैस आटली म्हणून विकली. असं तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिनंच स्वतःला सांगून ठेवलं होतं.

त्या फेब्रुवारीत म्हैस खिंडीत फिरली असेल, पण तिच्या आधी तिथे सेवरीना गेली होती. ओहोटी बघून, भर सकाळी, जानकी आणि सुशीला या गटातल्या दोघींना घेऊन, दोन घमेली घेऊन. पुढच्या ओळींना पानं हवी होती. सुशीला मारांडीपाशी थबकून म्हणाली होती, "बाई, ही काशीबायच्या बांधाची." आणि बाईंनी शाळेतल्या आवाजात उत्तर दिलं होतं की कांदळ कोणाच्या नावावर नसतं, ते सरकारी. मग स्वतः वाकून पहिलं रोप उपटलं होतं. मुळाशी बारीक 'टच्‌' आवाज झाला होता. पांढरी कोवळी मुळं गाळात तुटून राहिली. सगळी रोपं कुंपणाच्या पुढच्या दोन ओळींत रोवली, साहेबांनी होडीतून बघितली, मान डोलावली. तीन आठवड्यांत ती सगळी वाळली. जानकी-सुशीला कोणाकडे बोलल्या नाहीत. बाईंनी सांगितलं म्हणजे बरोबरच असणार, असं त्या पहिलीपासून शिकल्या होत्या.

सांगायची वेळ आत्ता होती. समोर दोघंही बसली होती, पाणी उतरत होतं, तिसरं कोणी नव्हतं. सेवरीनानं तोंड उघडलं. "म्हस," ती म्हणाली. एकतीस वर्षं पोरांसमोर बोललेलं तोंड ते. त्यातून एक साधं वाक्य निघेना. काशीबाई वाट बघत राहिली, मग तिनंच वाक्य पुरं केलं, "बरी होती म्हस. जाऊंदे."

सत्काराला यायचं का, हे सेवरीनानं विचारलंच नाही. वाडीत ऐकलेलं होतं, म्हणून काशीबाईनंच विचारलं की परवाचं किती वाजता आहे, उद्याचं उधाण नीट गेलं तर ती येईल. बाईंचा मान म्हणजे वाडीचा मान. आणि उठून घरात गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात केळीच्या पानात बांधलेले तिसरे होते. दोन मुठी असतील. हल्ली समोर मिळत नाहीत, पलीकडच्या काठाला जावं लागतं, ती म्हणाली. कॉन्स्टान्सियोबाबांना आवडतात.

परतीच्या वाटेवर सेवरीनानं छत्री उघडली नाही. पाऊस भुरभुरत होता. पानातलं पाणी तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं आणि तिला ते पुसायचं सुचत नव्हतं. प्राजक्ताच्या वेळी आलेली टोपली तिला आठवली. तेव्हा ती ताठ मानेनं घेतली होती. शिंपले शिजवून खाल्लेही होते.

घरात जेवणाची पानं घेतलेली होती. भांडणाचं पाणी मघापेक्षा खाली उतरलेलं. रॉयडन मोबाइलवर सत्काराची जाहिरात बघत होता, ॲश्लिन पाठमोरी चपात्या भाजत होती. तिचा मोबाइल मिठाच्या बरणीशेजारी तसाच पालथा. कॉन्स्टान्सियोनं सेवरीनाच्या हातातलं तिसऱ्यांचं पान बघितलं आणि त्याचा चेहरा खुलला. सुकं करायचं की कढी, त्यानं विचारलं, आणि खाडीला पुन्हा तिसरे यायला लागले का, असंही विचारलं.

सेवरीनानं पान टेबलाच्या मधोमध ठेवलं. ते काशीबाईच्या घरून आलंय, आणि आपण ते खायचं की नाही हे ठरवायचा तिला अधिकार नाही, असं काहीतरी ती म्हणाली, आणि उभ्यानंच सांगायला लागली. कुंपण, नांगे, आकडीनं ओढलेल्या शेंगा, घमेली, खिंड, म्हैस. क्रमानं, काही न गाळता, फळ्यावर लिहिल्यासारखं. फक्त 'आम्ही' म्हणायला लागली की थांबे आणि 'मी' म्हणे. जानकीचं नाव तिनं घेतलं नाही, सुशीलाचं घेतलं नाही. ॲश्लिनच्या तव्यावरची चपाती करपली आणि तिनं गॅस बंद केला. कॉन्स्टान्सियोनं ऐकू येणारा कान तिच्याकडे केला होता.

सगळ्यात आधी रॉयडनला आवाज फुटला. मम्मी, कोणाला काही कळलेलं नाही, तो म्हणाला. म्हैस आंबोलीला गेली, रोपं मेली, दोन वर्षं झाली. हवं तर बाबलीचा बांध आपण माणसं लावून चांगला करून देऊ. आत्ता फक्त सत्कार होऊ दे. छापून आलंय.

त्याचं बोलणं वाईट नव्हतं. काल हेच तिनं स्वतःला सांगितलं असतं, अधिक चांगल्या शब्दांत. तो बोलत असताना तिला त्याचा आवाज आपलाच वाटला.

"ॲश्लिन, मोबाइल घे," ती म्हणाली. आवाज शाळेतला नव्हता. "जगल्याचा प्रमाण तू बघलंस तेवढाच लिव. धा टक्के. जागा चुकली, ती अध्यक्षांनी निवडली, ह्याय लिव. तुका नांदगावावरून बोललंय, ता माझा चुकला."

ॲश्लिननं हात पुसून मोबाइल सुलटा केला.

"मी सत्काराक जावचंय नाय. सव्वीस तारखेक सकाळी सातांक ओहोट आसा. त्या वेळेक मी कुंपणाची जाळी काढतलंय आणि तो बोर्ड उतरवतलंय. रॉयडन, तुझी होडी लागतली. ह्या वर्षीपासून बांधासमोरच्या झाडाची शेंग कोणी तोडूची नाय, पडतली थंय रुजतली. खिंडीत काय लावचा नि कसा, ता काशीबाय सांगतली, आणि ती सांगता तसा मी करतलंय."

"आणि आता जेव," कॉन्स्टान्सियो हळूच म्हणाला. "थंड होता."

"तुमी जेवा," सेवरीना म्हणाली आणि तिनं खुंटीवरची छत्री पुन्हा घेतली. "मी बाबलीकडे जातंय. म्हशीन खाल्ल्यान नाय, मी उपटलंय, ह्या मी तेका सांगान येतंय."